दान, वेठ आणि साक्ष

कणकुंबीच्या पावसात कागद टिकविणे हे सोपे काम नव्हे. जूनपासून चार महिने भिंतींना ओल असते आणि माळ्यावरच्या पेटीतील दप्तर दर दिवाळीनंतर उन्हात घालावे लागते. आमच्या घरच्या पेटीत असे एक दप्तर आहे. त्यात काही कर्जरोखे, दोन-तीन खरेदीखते, एक वाटणीपत्र आणि घाटाखालच्या सोयऱ्यांची थोडी पत्रे आहेत. बहुतेक सारे मोडीत. ज्यांची घराणी काही पिढ्यांपूर्वी घाट चढून या मुलखात स्थिरावली, त्यांच्या घरी असे दप्तर असण्याचा संभव बराच आहे. आणि ते वाचणारे घरात कोणी नसण्याचा संभव त्याहून अधिक आहे.

गेल्या दिवाळीनंतर दप्तर उन्हात घातले असता, बेंगळूरुला नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्याने वाटणीपत्राचे छायाचित्र घेतले आणि आपल्या मोबाईलमधील यंत्रबुद्धीला ते वाचावयास सांगितले. अर्ध्या मिनिटात सबंध देवनागरी मजकूर उमटला. कोठे अडखळणे नाही, कोठे शंका नाही. आम्हांला ते वाटणीपत्र ठाऊक होते, कारण बारा वर्षांपूर्वी आमच्या आतोबांनी ते वाचून दिले होते. यंत्राने त्यातील एका शेताचे जे नाव वाचले, त्या नावाचे शेत आमच्या शिवारात नाही. पुतण्याने पुन्हा विचारले तेव्हा यंत्राने दिलगिरी व्यक्त केली आणि तितक्याच ठामपणे दुसरे नाव सांगितले. तेही शेत आमच्या शिवारात नाही.

प्रसंग लहान आहे. त्यावर हसून दप्तर पुन्हा बांधून ठेवता आले असते. परंतु पुतण्या म्हणाला, "आतोबांनी वाचलेले असे शे-दोनशे कागद यंत्राला दाखवले, तर ते शिकेल. देऊया का?" त्या 'देऊया का?'ने आम्हांला विचारात पाडले. यंत्राला जे जमत नाही ते माणसाकडून करवून घ्यावयाचे आणि त्यावर यंत्र उभे करावयाचे, ही आजची सर्वत्र चाललेली रीत आहे. या रीतीत माणूस जो श्रम देतो, त्याला काय म्हणावे? ते दान आहे, मजुरी आहे, की वेठ आहे? आणि सर्व श्रम देऊन झाल्यावरही यंत्राच्या हाती न येणारे असे काही त्यात उरते काय?

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की 'कॉम्प्युटर' हे नाव मुळात माणसाचे आहे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत आकडेमोड करणाऱ्या कर्मचाऱ्याला इंग्रजीत कॉम्प्युटर म्हणत. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात अशा गणकांचे स्वतंत्र पदच होते. राधानाथ सिकदार हे त्या खात्यात १८३१ साली लागले आणि पुढे मुख्य गणक झाले. 'पंधरावे शिखर' म्हणून नोंदलेला पर्वत जगात सर्वांत उंच आहे, हे १८५२ साली त्यांच्या गणिताने दाखविले. १८६५ साली त्या शिखराला नाव मिळाले ते पूर्वीचे सर्वेक्षणप्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांचे. गणित करणारा एक आणि शिखरावर नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट यंत्रे येण्यापूर्वीचीच आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे सारा दोष यंत्रावर ढकलण्याचा मोह होत नाही.

दुसरी कथा युरोपातील आहे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फोन केंपेलेन या गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारा एक यांत्रिक 'तुर्क' सादर केला. पेटीवर पट मांडलेला, मागे पागोटे घातलेला पुतळा बसलेला. पेटीची दारे उघडून आतील चाके लोकांना दाखविली जात. या तुर्काने पुढे नेपोलियनशीही डाव मांडला, आणि १८५४ साली फिलाडेल्फियातील आगीत तो जळून गेला. पेटीत एक जिवंत बुद्धिबळपटू दडून बसत असे. लोक वाहवा करीत ती चाकांची. घामाने भिजे तो आतला माणूस. २००५ साली अ‍ॅमेझॉन कंपनीने संगणकाला न जमणारी लहान लहान कामे जगभरच्या माणसांकडून थोड्या पैशांत करून घेण्याची पेठ उघडली, तेव्हा तिला या तुर्काचेच नाव दिले. नाव ठेवणाऱ्याने निदान लपवाछपवी केली नाही, असे म्हणावे लागेल.

तिसरे उदाहरण मात्र आपणां सर्वांच्या हातून घडलेले आहे. संगणकावर अर्ज भरताना वेडीवाकडी अक्षरे ओळखून टंकित करण्याची अट काही वर्षांपूर्वी सर्रास असे. समोर माणूस आहे की यंत्र, याची ती परीक्षा. कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुइस फोन आन आणि त्यांचे सहकारी ती घडविणाऱ्यांपैकी होत. पुढे त्यांच्या मनात आले, की जगातील लोक रोज कोट्यवधी वेळा ही अक्षरे ओळखतात. तो क्षण वाया का जावा? म्हणून २००७ साली त्यांनी परीक्षेत दोन शब्द ठेवले. एकाचे उत्तर यंत्राला ठाऊक असे. दुसरा शब्द जुन्या छापील पानावरचा, यंत्राला न लागलेला असे. पहिला बरोबर आला की दुसऱ्याचेही उत्तर विश्वासार्ह मानावयाचे आणि अनेकांची उत्तरे जुळली की तो शब्द लागला असे ठरवावयाचे. या युक्तीने साधारण वर्षभरात ४४ कोटींहून अधिक शब्द लागले, आणि अचूकता ९९ टक्क्यांच्या वर गेली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जुने अंक त्यातून वाचले गेले. २००९ साली ही युक्ती गूगलने विकत घेतली. २०१४पर्यंत गूगलचे यंत्र तीच वेडीवाकडी अक्षरे ९९.८ टक्के अचूक ओळखू लागले, म्हणजे माणूस ओळखण्याची ती खूणच निरुपयोगी झाली. आणि २०१८ साली दोन शब्दांची ती परीक्षा बंद झाली.

येथे कोणी म्हणेल, की दहा सेकंदांचे काम ते काय आणि त्याचा एवढा ऊहापोह कशाला? जुनी वर्तमानपत्रे वाचनीय झाली, यात सर्वांचेच हित आहे. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. किंबहुना ती युक्ती बुद्धिमान होती आणि तिचे फळही चांगले निघाले, हेही मान्य आहे. तरी तिला दान म्हणता येणार नाही. आपल्याकडे दान देण्यापूर्वी संकल्प करतात आणि उदक सोडतात. देणारा आपले नाव-गोत्र सांगतो, काय देतो ते सांगतो, कोणाला व कशासाठी देतो ते सांगतो, आणि मग पाणी सोडतो. कर्मकांड म्हणून ते कोणी सोडून दिले तरी त्यातील विवेक सोडण्यासारखा नाही. न कळता हातून गेले, ते दान होत नाही. दुसरा शब्द ओळखताना आपण जुने वर्तमानपत्र वाचीत आहोत, हे आपणांपैकी किती जणांना ठाऊक होते?

मग ती वेठ होती काय? वेठीत दोन गोष्टी असतात: मोल नाही आणि नकार देण्याची सोय नाही. साहेबाची स्वारी आली की गावातील माणसे वेठीस धरून तिच्या सामानाची ओझी वाहवीत, हे जुन्या लोकांच्या तोंडून आपण ऐकलेले आहे. वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती १९७६ साली. दहा सेकंदांच्या अक्षरओळखीला त्या वेदनेच्या पंक्तीला बसविणे हा वेठबिगारांचा अपमान होईल. परंतु जेथे हेच काम दिवसभर, पोटासाठी आणि नाममात्र मोलावर चालते, तेथे हा शब्द इतका परका राहत नाही. जानेवारी २०२३मध्ये 'टाइम' या नियतकालिकाने केनियातील कामगारांची हकिकत छापली. यंत्राने अभद्र बोलू नये म्हणून जगातील अभद्र मजकूर वाचून त्यावर खुणा करण्याचे काम ते ताशी दोन डॉलरपेक्षा कमी मोबदल्यात करीत होते. यंत्राच्या मुखी सभ्यता आली, आणि तिच्यासाठी जे विष पचवावे लागले ते कोणाच्या वाट्यास गेले, हे यंत्राशी बोलणाऱ्याला कळत नाही. मराठीने 'वेठ वारणे' हा वाक्प्रचार उगाच केलेला नाही. मन नसताना उरकलेल्या कामाला आपली भाषा तेच नाव देते. वेठीने घेतलेले काम करणाऱ्यालाही लाभत नाही आणि घेणाऱ्यालाही पुरते लाभत नाही.

याहून बरा मार्ग आहे आणि तो मराठीतच चाचपून पाहिला गेला आहे. यंत्राला मराठी ऐकता यावी म्हणून ग्रामीण भागातील अल्प उत्पन्नाचे लोक, शहरातील अल्प उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा तीन गटांतील ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी वाचन ध्वनिमुद्रित करण्यात आले. हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. गरीब माणसांनी केलेले काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचे आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. याच विचारातून पुढे बेंगळूरु येथे 'कार्य' ही संस्था उभी राहिली. ती चांगले मोल देते, आणि एकदा दिलेला आवाज पुन्हा विकला गेला तर त्यातील वाटा बोलणाऱ्याकडे जावा, असे तिचे तत्त्व आहे. केंद्र शासनाच्या 'भाषिणी' उपक्रमात 'भाषादान' म्हणून विभाग आहे. तेथे कोणीही आपल्या भाषेत वाचून, ऐकून, लिहून मदत करू शकतो. तेथे मोल नाही, पण संकल्प आहे: काय देतो आणि कशासाठी, हे देणाऱ्याला ठाऊक असते. विनोबांनी १९५१पासून भूदानासाठी पायपीट केली तेव्हा दान म्हणजे उपकार नव्हे, योग्य वाटणी होय, असा शंकराचार्यांचा अर्थ ते लोकांपुढे ठेवीत. त्या अर्थाने भाषादानाची परीक्षा पुढे व्हावयाची आहे. आपल्या बोलीवर उभे राहिलेले यंत्र उद्या आपल्याच लेकरांना विकत घ्यावे लागले, तर ती वाटणी ठरणार नाही.

वाट्याची गोष्ट निघाली की आपल्या मनात बलुत्याची आठवण येते आणि जुने गाव सुंदर दिसू लागते. तो मोह आवरला पाहिजे. बलुत्यात वाटा होता हे खरे. पण हे काम मी करणार नाही, असे म्हणण्याची मुभा बलुतेदाराला नव्हती, आणि वाटा किती हे घेणाऱ्याने नव्हे, देणाऱ्याने ठरवावयाचे होते. तेव्हा नुसता वाटा पुरत नाही. काम कोणते ते कळणे, नाही म्हणता येणे आणि मोल ठरविताना तोंड उघडता येणे, या तीन गोष्टी असतील तर ती मजुरी प्रतिष्ठेची होते.

इथवरचा विचार न्यायाचा झाला, आणि तो बहुतेकांना पटण्यासारखा आहे. पण आमच्या पेटीतील कागदांनी त्यापुढचा एक प्रश्न उभा केला.

मोडी यंत्राला जड जाते, याची कारणे आहेत. लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढतो आणि त्यांना अक्षरे लटकवीत जातो. हात शक्यतो उचलत नाही. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. शिवकालीन वळण वेगळे, पेशवेकालीन वेगळे, आणि इंग्रजी अमदानीतील कारकुनांचे तर हातागणिक वेगळे. त्यातच कालगणनेचे अरबी शब्द येतात. 'सबा सबैन मया व अलफ' म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार. हा शुहूर सन ११७७ झाला. त्यात ५९९ वा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन १७७६-७७ निघते. हे सारे अवघड असले तरी अशक्य नाही. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली, वाचली, आणि १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने छापली. सप्टेंबर २०२३मध्ये महाराष्ट्र शासनाने कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा गावोगावची दप्तरे उघडली गेली आणि ज्यांना कोणी विचारीत नव्हते अशा मोडी जाणकारांची एकाएकी शोधाशोध सुरू झाली. २०२५ साली रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडी कागदांची २,०४३ चित्रे आणि त्यांची देवनागरी लिप्यंतरे यांचा संग्रह प्रसिद्ध केला. यंत्राला मोडी शिकविण्यासाठीच तो केलेला आहे. त्यातील प्रत्येक चित्रावर कोणा माणसाने डोळे शिणविले असणार. तेव्हा उद्या यंत्र मोडी वाचील, आणि आजच्यापेक्षा पुष्कळ चांगली वाचील, याबद्दल आम्हांला शंका नाही.

प्रश्न आहे तो वाचनानंतरचा. तो सांगण्यासाठी बारा वर्षांपूर्वीची हकिकत दिली पाहिजे.

आतोबा खानापुरास असतात. शिक्षकी करून निवृत्त झाले. मोडी वडिलांकडून शिकले. त्यांनी ते वाटणीपत्र दोन दिवस बसून वाचले. मधूनच थांबत आणि म्हणत, "हे अक्षर लागत नाही." शेवटी त्यांनी बाळबोधीत नक्कल केली, खाली लिहिले, 'मूळ मोडीवरून बाळबोध केले; दोन ठिकाणी अक्षर संदिग्ध', आणि तारीख घालून सही केली. त्या वाचनाप्रमाणे ओढ्याकाठचे एक शेत आमच्या शाखेकडे येत होते. त्या शेतावरून चुलत घराण्याशी आमची दोन पिढ्यांची धुसफूस होती. शेताचे नाव येथे देत नाही, कारण आता समेट आहे. आम्हांला आनंद झाला, हे लपविण्यात अर्थ नाही.

तीन आठवड्यांनी, भर श्रावणात, आतोबा खानापुराहून एसटीने आले. छत्री असूनही गुडघ्यापर्यंत भिजलेले. चहासुद्धा न घेता म्हणाले, "पेटी काढा. मी चुकलो असेन." त्याच कारकुनाच्या हातचा एक कर्जरोखा पेटीत होता, त्यातील एक अक्षर त्यांनी वाटणीपत्रातील अक्षराशेजारी ठेवून दाखविले. शेत चुलत घराण्याचे निघाले. आमच्यापैकी एकाने धीर करून म्हटले, "आतोबा, आता असू द्या ना. वाचणारं दुसरं आहेच कोण?" आतोबा म्हणाले, "म्हणूनच. सही माझी आहे." त्यांनी जुन्या नकलेवर काट मारली, दुरुस्ती लिहिली, पुन्हा सही केली, आणि ती नक्कल स्वतः चुलत घरी नेऊन दिली. बरेच दिवस आम्ही त्यांच्यावर रुसलो होतो, हेही सांगितले पाहिजे.

मराठी माणसाला 'ध'चा 'मा' सांगावा लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे'चे 'मारावे' केले गेले, अशी आख्यायिका आहे. ती इतिहासाच्या कसोटीवर उतरो वा न उतरो, तिने एक गोष्ट नेमकी पकडली आहे. 'मारावे' असे वाचणाऱ्याचे वाचन अचूकच होते. कागदावर 'मा'च होता. अचूक वाचूनही भागले नाही. हे कोणी लिहिले, कोणी बदलले, याला जबाबदार कोण, हा प्रश्न उरलाच. आणि खुनाचा दोष राघोबादादांवर ठेवणारे रामशास्त्री प्रभुणे महाराष्ट्राने आजवर विसरले नाहीत, ते याच प्रश्नासाठी.

वाचन म्हणजे केवळ अक्षर ओळखणे नव्हे. 'मी असे वाचले आहे' असे म्हणणे हाही त्याचाच भाग आहे. त्याला जुना शब्द आहे: साक्ष. हजारो अनोळखी माणसांची उत्तरे जुळवून ९९ टक्के अचूकता मिळते आणि तिचा उपयोग मोठा आहे. परंतु त्या हजारांतील एकही जण तीन आठवड्यांनी पावसात भिजत परत येत नाही. तो येऊ शकत नाही, कारण आपण काय वाचले आणि कोणासाठी, हेच त्याला ठाऊक नसते. यंत्र दिलगिरी व्यक्त करते, पण त्याला रात्री झोप न येण्याचे कारण नाही. मानवी श्रमाचे असे तुकडे केले, की अचूकता शिल्लक राहते आणि साक्ष गळून जाते. आमच्या मते यंत्राला अवघड असलेले काम माणसाकडून करून घेताना होणारा खरा तोटा हा आहे. मोबदल्याची अडचण त्यामानाने सुटण्यासारखी आहे. आतोबा चुकले होते आणि यंत्रही चुकले. दोघांत फरक चुकीनंतरचा आहे.

यावरून यंत्राला काही देऊच नये, असा अर्थ आम्ही काढत नाही. आतोबांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. पेटी बंद ठेवली तर वाळवी वाचील, आणि तिच्याकडून साक्ष मिळण्याची आशा नाही. आमच्या गावी मलप्रभा उगम पावते आणि पुढे सौंदत्तीकडून कूडलसंगमाला कृष्णेस मिळते. वाटेत तिचे पाणी कोणाकोणाच्या शेतात जाते, ते उगमावरचा माणूस अडवून विचारीत नाही. पण उगमाला निदान देऊळ आहे. खालचा माणूस कधी वर आला, तर नदी कोठून निघाली ते त्याला दिसते.

म्हणून आम्ही असे ठरविले. चुलत घराण्याला विचारून, कारण कागद त्यांचेही आहेत, वाटणीपत्र व काही कर्जरोखे यांची छायाचित्रे एका मोडी संग्रहाला द्यावयाची. सोबत आतोबांची नक्कल द्यावयाची ती काट मारलेल्या ओळीसह. स्वच्छ करून नव्हे. संदिग्ध अक्षरे संदिग्ध म्हणूनच दाखवावयाची, आणि वाचणाऱ्याचे नाव कागदाबरोबर राहावे, अशी विनंती करावयाची. ती मान्य होईल की नाही, सांगता येत नाही. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. यंत्राच्या पोटात गेल्यावर नाव वेगळे राहते काय, असे पुतण्याला विचारले, तेव्हा तो काही वेळ गप्प बसला आणि मग प्रामाणिकपणे "नाही" म्हणाला.

तो आता सुटीला आला की खानापुरास आतोबांकडे जातो. मागच्या महिन्यात त्याने एक लहानसे पत्र स्वतः वाचून बाळबोध केले. घाटाखालच्या कोणा सोयऱ्याने सुपारीचा भाव विचारला आहे, एवढाच मजकूर. खाली सही करावी की नाही, हे त्याला कळेना. चार शब्द लागले नव्हते. त्याने आतोबांना विचारले. ते म्हणाले, "लागलं नाही तिथं खूण कर. मग सही कर."